भिंतीवर मी लिहिलेलं वाक्य

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि निवडणूक आली की भिंती. माझं अक्षर नाशकात एक नंबर होतं. हे मी स्वतःच सांगतोय, कारण सांगणारे दुसरे आता फारसे उरले नाहीत आणि उरलेत त्यांना चष्मा लावूनही दिसत नाही.

जुन्या नाशकात आमच्या पेठेत एक बंद पडलेली तेलाची गिरणी होती. तिची रस्त्याकडची भिंत चांगली पन्नास फूट लांब. मालक मुंबईला, त्याला काही पडलेलं नव्हतं. सत्तरच्या आसपास मी धंद्याला लागलो तेव्हा त्या भिंतीचे दोन भाग ठरलेले होते. डावीकडचा अर्धा भाग मास्तरांचा आणि उजवीकडचा वकीलसाहेबांचा.

मास्तर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणारे. अर्धी पेठ त्यांच्या हाताखालून गेलेली. मीही गेलो, पण नापास होऊन. ते विरोधी पक्षाचे. वकीलसाहेब सत्तेतल्या पक्षाचे, कोर्टात चांगली चालणारी वकिली, बोलणं लोण्यासारखं. निवडणुकीला दोघंही उभे राहत नसत. उमेदवार बाहेरचे असायचे, पण पेठेत आपापल्या पक्षाची लाज राखायचं काम या दोघांचं. आणि ते काम ते भिंतीवर करत.

पद्धत अशी होती. एकाने आपल्या बाजूला सवाल लिहायचा, दुसऱ्याने आठ दिवसांत आपल्या बाजूला जवाब द्यायचा. मजकूर दोघांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचा. दुसऱ्या कुणाची चिठ्ठी चालणार नाही. घरच्यांवर, जातीवर, आजारपणावर एक अक्षर लिहायचं नाही. आणि लिहिणारा पेंटर एकच, म्हणजे मी. का, तर एकाचं अक्षर मोठं आणि एकाचं बारीक असं कुणी म्हणायला नको. दोघांचं अक्षर नऊ इंच. मी दोरीला नीळ लावून रेषा मारायचो तेव्हा मास्तर फूटपट्टी घेऊन उभे राहायचे. गणिताचे मास्तर, दुसरं काय करणार?

एकदा मास्तरांनी लिहायला दिलं, ‘पेठेतला नळ सकाळी दोनच तास का?’ वकीलसाहेबांचा जवाब आला, ‘पूर्वी एकच तास होता. दुसरा तास आला तेव्हा मास्तर वर्गात होते.’ सगळी पेठ हसली. मास्तर सगळ्यांत जास्त हसले आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले, ‘वर्गातही पाणी नव्हते. ते कधी येणार?’ आणि गंमत सांगतो, महिन्याभरात शाळेत नळ आला. वकीलसाहेबांनी खटपट करून आणला. भिंतीवर हरले, म्हणून आणला.

लोक रोज सकाळी येता-जाता विचारायचे, ‘आज भिंत काय म्हणते?’ समोरच्या टपरीवर चहा पिता पिता ते दोघं एकमेकांचा मजकूर वाचायचे, चुका काढायचे आणि मग बोलत बोलत गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फिरायला जायचे. एक धोतरवाला आणि एक पँटवाला. मतं उत्तर-दक्षिण, पण पावलं एकाच दिशेला.

मग आणीबाणी आली. कुणीतरी वरून सांगितलं आणि सगळी भिंत एका दिवसात सफेद झाली. मास्तरांना घरून उचललं आणि नाशिकरोडच्या तुरुंगात टाकलं. भिंतीवर सरकारी घोषवाक्यं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते केलं. खोटं कशाला बोलू? घरात दोन लहान मुली होत्या आणि ‘नाही’ म्हणण्याची माझी छाती नव्हती.

मास्तर आठ-नऊ महिन्यांनी सुटून आले. त्यांच्या बायकोला कॅन्सर झाला होता. आम्ही सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचो. ते दिवसभर तिच्या उशाशी बसून असायचे, बाहेर पडत नसत. कुणाशी बोलत नसत, आणि तेव्हा ते कुणाला खटकलंही नाही. पुढे मास्तरीणबाई गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत निवडणूक जाहीर झाली, तुरुंगातले लोक बाहेर आले आणि एकदम वारं फिरलं. मास्तरांच्या पक्षाच्या पोरांनी त्यांना घरातून ओढूनच बाहेर काढलं. गिरणीच्या भिंतीसमोर सभा, गळ्यात हार, ‘तुरुंगवास भोगलेले आमचे मास्तर’ असा गजर. मास्तर खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, बायको गेल्याचं दुःख आहे.

बोलायला उठले तेव्हा त्यांचा आवाज काही लागेना. मग समोर गर्दीत मी दिसलो. का कोण जाणे, माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘या भिंतीनंही आपल्याला दगा दिला. आमच्या पेंटरनं ब्रश विकला.’

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ज्या माणसाच्या सवालाला मी रंग नाही, घाम लावला, त्यानं चारचौघांत माझी अशी अब्रू काढावी? मला वर बोलावून दोन कानाखाली मारल्या असत्या तरी चाललं असतं. माझा स्वभावच तापट, आणि तापट माणसाला राग आला की तो स्वतःचंच घर आधी जाळतो.

दोनच दिवसांनी दुपारी सत्तेतल्या पक्षाची दोन पोरं जीपमधून आली. हातात चिठ्ठी. अक्षर वकीलसाहेबांचं नव्हतं, हे मला बघताक्षणी कळलं. चिठ्ठीत होतं, ‘माफीनामा लिहून सुटले, हारतुरे लुटले.’

मी विचारायला हवं होतं, साहेबांनी दिलंय का? हे खरं आहे का? एकही प्रश्न विचारला नाही. शिडी लावली, दोरी मारली आणि लिहिलं. वर शहाणपणा असा, की ओळ जरा लंगडी वाटली म्हणून त्यात एक शब्द माझ्या पदरचा घातला. ‘माफीनामा लिहून सुटले, हारतुरे मात्र लुटले!’ तो ‘मात्र’ माझा. अक्षराला काळी सावली दिली. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आग लागो त्या हाताला.

सकाळी मी टपरीवर होतो. मास्तर आले, वाचलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील, मी उलट ओरडीन, होऊन जाऊ दे एकदाचं. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘अक्षर छान आलंय.’

एवढंच. आणि गेले. समोरून वकीलसाहेब येत होते. त्यांच्याकडे मास्तरांनी अशा नजरेनं पाहिलं की वकीलसाहेब जागच्या जागी थांबले. त्या दिवशी गंगेवर कुणी गेलं नाही आणि पुढे सात वर्षं गेलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी बोलणं म्हणत नाही. मास्तरांच्या पक्षाच्या पोरांनी ती ओळ डांबर फेकून झाकली. वकीलसाहेबांच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी डांबरावर पांढऱ्या रंगात शिवी लिहिली. माझ्याकडे कुणी आलं नाही, कारण शिव्या लिहायला अक्षर लागत नाही. सवाल गेला, जवाब गेला, नुसती थुंकी उरली. एका पेठेत दोन गणपती बसायला लागले. टपरीवाल्याने त्रास नको म्हणून बाकंही दोन बाजूंना केली. लग्नाच्या पत्रिका वाटताना माणसं विचार करायची, याला दिली तर तो येईल का? नळावर बायका एकमेकींच्या हंड्याला हंडा लागू देत नव्हत्या. आणि त्या सात वर्षांत पेठेचं एक काम झालं नाही. विचारणारच कुणी नव्हतं, मग करणार कोण? सातपूरला कारखाने वाढले, नाशिकची महापालिका झाली, पण आमच्या पेठेचा नळ दोन तासांवरून परत एका तासावर आला.

मास्तर निवृत्त झाले. भाजी आणायला बाहेर पडत, तेही गिरणीचा रस्ता टाळून. मला दिसले की मी रस्ता बदलायचो. दोघं एकमेकांना चुकवायचो म्हणजे बघा.

पुढच्या एका निवडणुकीच्या तोंडावर ते अचानक माझ्या दुकानात आले. मी शिडीवरून पडायचाच बाकी होतो. त्यांनी बाहेरूनच विचारलं, ‘एक लहान पाटी करून देशील का? घर विकणे आहे, एवढंच लिहायचं.’

‘कुणाचं घर, मास्तर?’

‘माझंच. लेक नामपूरला असते. ती म्हणते, इकडे या. लेकीच्या घरी राहायचं जिवावर येतं, पण इथं राहून तरी काय करू? बोलायला माणूस नाही.’

ज्या माणसानं अर्ध्या पेठेला पाढे शिकवले, तो म्हणतो, बोलायला माणूस नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्ही घाण केली, तुम्हीच निस्तरा.’ आमच्या घरात न्यायनिवाडा असाच दोन शब्दांत होतो.

पाटी मी केली नाही. रविवारी उजाडल्यावर चुन्याची बादली घेऊन गिरणीपाशी गेलो. डांबर, शिव्या, पिचकाऱ्या, सगळ्यावर दोन हात सफेदी मारली. ऊन चढेपर्यंत वाळली. मग नऊ इंची अक्षरात लिहिलं, ‘या भिंतीवर मास्तरांबद्दल लिहिले होते ते खोटे होते. ते मी लिहिले. माझी चूक झाली.’ खाली माझं नाव घातलं. भिंतीवर स्वतःचं नाव मी पहिल्यांदाच लिहीत होतो. नावाचं शेवटचं अक्षर जरा वाकडंच आलं.

खाली उतरतो तो माणसं जमलेली. दोन्हीकडची. एक पोरगा म्हणाला, ‘पेंटर, कुणाचे किती घेतले?’ मी म्हटलं, ‘तुझ्या बापाला विचार,’ आणि मग जीभ चावली. माफी मागून दोन मिनिटं झाली नाहीत तर परत माझं सुरू! कुणीतरी धावत जाऊन मास्तरांना घेऊन आलं.

मास्तर भिंतीसमोर उभे राहिले. वाचलं. मला वाटलं, आता जवळ येतील, खांद्यावर हात ठेवतील. खरं सांगतो, मी खांदा जरा पुढेही केला होता.

‘पुसून टाक,’ ते म्हणाले.

‘का मास्तर? मनापासून लिहिलंय.’

‘मनापासून लिहिलंस, पण खोटं लिहिलंस. माफीनाम्यावर मी सही केली होती.’

म्हणजे मी आधी माहीत नसताना खरं लिहिलं होतं आणि आता माहीत नसताना खोटं. दोन्ही वेळा विचारलं नाही. दोन्ही वेळा मला वाटलं, मला सगळं कळतंय.

मास्तर बोलत होते ते कुणा एकाशी नव्हे. ‘हिला डॉक्टरांनी वर्षभराचं सांगितलं होतं. मी आत होतो. यापुढे राजकारण करणार नाही असं लिहून दिलं आणि सुटलो. ती माझ्या समोर गेली, एकटी गेली नाही. मला त्या सहीची लाज नाही. हार घातले तेव्हा मी गप्प राहिलो, त्याची लाज आहे. आणि आतून जळत होतो म्हणून या पेंटरवर घसरलो. ब्रश त्यानं विकला असेल तर मीही सही विकली होती.’

तेवढ्यात गर्दीच्या मागून वकीलसाहेब पुढे आले. रविवार, म्हणून कोट नाही, नुसता सदरा. आवाज कोर्टातला नव्हता. ‘तो अर्ज माझ्या हातचा होता,’ ते म्हणाले. ‘मास्तरीणबाई माझ्याकडे आल्या होत्या. मी मसुदा लिहिला, मीच तुरुंगात घेऊन गेलो, मास्तर सही करत नव्हते, मीच करायला लावली. हे तिघांनाच माहीत होतं. त्यातल्या एक गेल्या.’

‘म्हणून तर,’ मास्तर म्हणाले. ‘भिंतीवर वाचलं तेव्हा मला वाटलं, तुम्हीच फोडलंत. दुसरं कोण फोडणार?’

‘मी नाही फोडलं हो. माझ्या कारकुनानं टाइप केलेली प्रत ठेवली होती, त्यानं पोरांना दिली. मला भिंतीवर वाचूनच कळलं. पण पुसायला सांगितलं नाही, हे खरं. सांगायला निघालो होतो. पोरं म्हणाली, साहेब, याचा फार उपयोग होतोय. आणि मी माघारी फिरलो. सात वर्षं तुमच्या दाराशी येऊन हेच सांगायचं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, तुम्ही दार लावून घ्याल.’

‘लावलंच असतं,’ मास्तर म्हणाले.

दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. नेते बोलले की टाळ्या वाजवायच्या किंवा शिव्या द्यायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. असं काही ऐकल्यावर काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला भीती वाटली, की आता एखादा ओरडेल, ‘बघा, माफी मागितलीच होती!’ आणि मास्तर उद्याच्या एस.टी.नं नामपूरला जातील ते परत येणार नाहीत.

गर्दीच्या कडेला मखमलाबादहून येणारी भाजीवाली होती. वयस्कर बाई, डोक्यावरची भाजीची पाटी खाली ठेवून मघापासून ऐकत होती. मेथीवर पाणी शिंपडत शिंपडत तिनं विचारलं, ‘मास्तर, बायकोपायी सही केली ना?’

‘हो.’

‘मंग त्यात काय एवढं? चोरी केली का काय? बरं केलं. माझा धनी असता तर त्यानं असं केलं असतं का, द्येव जाणे.’

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ‘अहो, सात वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही,’ ते म्हणाले. ‘वाटायचं, लोक काय म्हणतील.’

‘मंग इचारायचं व्हतं लोकांना,’ ती म्हणाली. ‘आमी इथंच बसतो की रोज. तुमी लय शिकलेले, भिंतीवर लिव्हता, एकमेकाला सवाल करता. आमाला वाचाया येत नाय. आमाला कुनी कवा इचारलंच नाय.’

मग वकीलसाहेब तिच्या पाटीजवळ जमिनीवरच टेकले, चांगला इस्त्रीचा लेंगा मातीत. मास्तरांना कुणी जागा केली नव्हती, तरी ते पुढे सरकले आणि तेही शेजारी बसले. ‘विचारतो,’ मास्तर म्हणाले. ‘आता विचारतो. बाई, तुम्हाला या पेठेत काय काय त्रास आहे ते सांगा. दोघांनाही सांगा.’

बाई सांगायला लागली, ती तासभर थांबली नाही. बसायला सावली नाही, महापालिकेचा माणूस पाटी उचलतो, बायकांना जायला आडोसा नाही. मध्येच वकीलसाहेब म्हणाले, ‘हे आमच्या हातात आहे,’ आणि मास्तर लगेच उसळले, ‘हातात आहे तर मग आजवर केलं का नाही?’ आणि दोघं भांडायला लागले. आवाज चढले, हातवारे झाले, माणसं आणखी जवळ सरकली. सात वर्षांनी ते भांडत होते, आणि मी चुन्याची बादली धरून तिथंच उभा राहून रडत होतो. सांगायला मला लाज वाटत नाही.